गरिबाची भाकरी पोळीपेक्षा महाग कशी झाली?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना कुठल्याही धाब्यावर बसा आणि मेन्यू कार्डाचं शेवटचं पान उघडा. चपाती १५ रुपये, भाकरी २५. कुठे फरक ५ रुपयांचा असेल, कुठे १० चा. पण चपातीपेक्षा भाकरी स्वस्त असलेला धाबा मला अलीकडे भेटलेला नाही. किराणा दुकानातही तेच. गव्हाच्या पोत्यावर ३५-४० ची पाटी असते आणि शेजारच्या मालदांडी ज्वारीवर ५५, ६०, कधी ७० ची.

माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिला थट्टा वाटली असती. तिच्या घरात गव्हाची पोळी सणाला, जावयाला आणि आजाऱ्याला. एरवी तिन्ही त्रिकाळ भाकरी. एखाद्या घरची श्रीमंती सांगायची असली की ती म्हणायची, “गव्हाचं खाणारी माणसं हायेत ती.”

यावर एक तयार उत्तर मिळतं: शहरातल्या डाएटवाल्यांनी भाव चढवला. डॉक्टर साखर वाढली म्हणून भाकरी खायला सांगतात, मागणी वाढते, भाव चढतो. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. १९६० च्या सुमारास देशात जवळपास १ कोटी ८० लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. म्हणजे मधली साठ वर्षं लोक ज्वारी सोडतच होते. ज्या वस्तूला गिऱ्हाईक कमी झालं ती स्वस्त व्हायला हवी, ही तर महाग झाली. याचं कारण शोधायचं तर शेतापासून चुलीपर्यंत पायी जावं लागतं. वाटेत रेशन दुकान लागतं, ते टाळून चालत नाही.

आधी शेत.

ज्वारी दोन हंगामांत येते. पावसाळ्यात पेरतात ती खरिपाची आणि पावसाळा सरताना पेरतात ती रब्बीची, म्हणजे शाळू. आपण जिला भाकरीची ज्वारी म्हणतो ती बहुतेक शाळूच, आणि मालदांडी हे त्याचंच एक वाण. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीतलं जत, हा सगळा तिचा मुलूख. मंगळवेढ्याला तर ज्वारीचं कोठारच म्हणतात. २०१६ मध्ये तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या भागात वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. आता गंमत बघा. शाळू पेरायचा तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाऊस निघायच्या तयारीत असताना. पुढचे चार महिने बहुतेकदा आभाळातून थेंब नाही. तरी फेब्रुवारीत पुरुषभर उंचीचं पीक कणसं घेऊन उभं असतं. जुनी माणसं म्हणतात, शाळू थंडीवर आणि दवावर येतो. दव बिचारं निमित्ताला. खरा साठा जमिनीच्या पोटात असतो. खोल काळी माती पावसाळाभर पाणी पिते आणि धरून ठेवते, आणि शाळूची मुळं त्या ओलीच्या मागे खोलवर जातात. वर ओल संपली की झाड पानं गुंडाळून थबकतं, खालची सापडली की पुन्हा चालू लागतं.

या जमिनीला धरण समजायला हरकत नाही. फक्त त्याला भिंत नाही आणि कालवा नाही. त्याची गळती थांबवायचं तंत्रही साधं आहे. काळी जमीन वाळताना भेगाळते आणि भेगांमधून ओल उडून जाते. म्हणून पीक आठ आठवड्यांचं होईपर्यंत तीनदा कोळपायचं, शेवटच्या वेळी दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा मातीने बुजतात. “एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी” असं शेतकरी म्हणतात, ते याच अर्थाने. महाराष्ट्रात गव्हाला चार ते सहा पाणी लागतात, उसाला तर वर्षभर. शाळू एकही न देता येऊ शकतो. संरक्षित एखादं पाणी मिळालं तर उत्तमच.

शाश्वत शेती या शब्दाचा हल्ली इतका वापर झालाय की तो गुळगुळीत झालाय. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच: जिथे जेवढं पाणी पडतं तेवढ्यात येणारं पीक. या कसोटीला शाळूइतकं खणखणीत उतरणारं पीक या पट्ट्यात दुसरं नाही. शिवाय दाण्याबरोबर कडबा. ज्वारीचं झाड माणसाचं आणि जनावराचं पोट एकदमच भरतं. म्हणून दुष्काळी भागात शाळू पेरणं हा एक प्रकारचा विमा होता. दाणा कमी भरला तरी निदान दावणीला वैरण राहायची.

मग असं पीक शेतकऱ्याने का सोडावं? आमच्या अप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, मोहोळ तालुक्यात रान आहे. त्यांच्याशी बोलून एकरी हिशेब मांडला तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

कोरडवाहू शाळू एकरी साडेचार क्विंटल धरू. हे बऱ्या वर्षाचं उत्पन्न. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे झाले १६,८७० रुपये. आता त्याच रानात, त्याच ओलीवर, त्याच दिवसांत हरभराही येतो. तोही साडेचार क्विंटल धरू. त्याच वेळी काढणीला येणाऱ्या हरभऱ्याचा हमीभाव ५,८७५ रुपये. झाले २६,४३७. फरक साडेनऊ हजारांचा.

“पण कडबा?” मी विचारलं. बरोबर, कडब्याचे पैसे वेगळे. तो शेकड्याने विकला जातो, शंभर पेंढ्यांचा इतका भाव असा. टंचाईच्या वर्षी कडब्याची किंमत दाण्याच्या बरोबरीलाही जाते. तेव्हा फरक भरून निघायला हवा. तो निघत नाही, कारण ज्वारी काढायची कशी हा प्रश्न आहे. शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. एकेक ताट हाताने उपटायचं, ओळीने आडवं टाकायचं, वाळू द्यायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळ्यावर न्यायची, मळायची. फेब्रुवारीचं ऊन, तळहाताला फोड, अंगभर कूस. हे काम करायला माणूस मिळत नाही, आणि मिळालं तर उक्तं मागतं. ते मागणं रास्तच आहे, मी दोन ताटं उपटून पाहिली आहेत. हरभऱ्याचे आता फुले विक्रमसारखे उंच, सरळ उभे राहणारे वाण आले आहेत. सकाळी यंत्र येतं, तासाभरात एकर झोडपून पोत्यात भरून जातं. ज्वारीत यंत्र घातलं तर उंच ताटं आडवी होतात आणि कडब्याचा चुरा होतो. आणि कडबाच गेला तर शाळू लावण्यातलं निम्मं कारण गेलं.

तिकडे बैलही कमी झाले. ट्रॅक्टर आला, दावणीची जोडी गेली, तशी घरच्या कडब्याची गरज आटली. दुधाच्या गाईंना मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, चालतो. मक्याला कोंबडीखाद्याचं आणि आता इथेनॉलचं गिऱ्हाईक आहे. आणि उजनी धरणाचं पाणी ज्याच्या बांधाशी आलं त्याच्याशी तर शाळूबद्दल बोलूच नये. उसाला २०२५-२६ च्या हंगामाचा किमान दर टनाला ३,५५० रुपये, तोही साखरेच्या सव्वादहा टक्के उताऱ्याला. एकरी ४० टन निघाला, तोडणी-वाहतूक वजा केली, तरी लाखाच्या घरात रक्कम राहते. बिल उशिरा मिळेल, पण ऊस न्यायला कारखाना येणार हे नक्की. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चारेक टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून पुष्कळ जास्त. पाणी तोट्यात गेलं ते कुणाच्या खात्यावर पडत नाही. शेतकऱ्याच्या वहीत पाण्याचा रकाना नाही, म्हणून त्याच्या वहीत ऊस जिंकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खरिपाची ज्वारी कशी गेली ते थोडक्यात. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. उतारा भरघोस, पण पीक पक्व व्हायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडायची. कणसात बुरशी, दाणा काळा. “हायब्रीडची भाकरी” हे शब्द अजूनही पंचाहत्तरीच्या माणसाच्या तोंडून ऐका, चेहऱ्यावर चव उमटते. पुढे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आलं, कापूस पसरला, आणि खरिपाची ज्वारी बांधावरूनच उठून गेली.

आता रेशन दुकान.

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं आणि त्याच वर्षी शेतमालाचे भाव सुचवणारा आयोग नेमला गेला. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. ती लाजिरवाणी अवस्था संपवायची तर धान्य भरपूर आणि लवकर पिकवणं भाग होतं. मेक्सिकोतून आलेली बुटकी गव्हाची बियाणी आणि पंजाब-हरियाणाचे कालवे यांची जोडी जमली. सरकार म्हणालं, पिकवा, पिकेल तेवढं ठरल्या भावाने आम्ही घेऊ. घेतलेलं ठेवायला गोदामं बांधली, वाहून न्यायला रेल्वे दिली, विकायला गावोगाव रेशन दुकान. हे काम अफाट होतं आणि त्यामुळे माणसं जगली, यात वाद नाही. मात्र ही सगळी साखळी गहू आणि तांदूळ या दोनच धान्यांसाठी घडली.

ज्वारीच्या मुलखाला रेशनवर ज्वारी मिळाली ती फार विचित्र तऱ्हेने. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, लोकांनी रांगेत उभं राहून घेतली. तिकडे हे मुख्यतः जनावरांचं खाणं. मंगळवेढ्या-बार्शीच्या माणसाने परदेशातून आलेली लाल भाकरी गिळावी, याची सल त्या पिढीच्या बोलण्यात अजून आहे.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा त्यात दर असे होते: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २, आणि भरडधान्य १ रुपया. म्हणजे कायद्याने ज्वारी सगळ्यांत स्वस्त! फक्त ती दुकानात क्वचितच आली. काही जिल्ह्यांत अधूनमधून वाटप झालं तेवढंच. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, देशातल्या ८० कोटींहून जास्त लोकांना, माणशी महिना ५ किलो. फुकट म्हणजे घेणाऱ्याला. सरकारला २०२३-२४ मध्ये गव्हाचा किलो खरेदी, साठवण, वाहतूक धरून २७ रुपयांच्या आसपास पडत होता आणि तांदळाचा ३९ च्या आसपास. ज्वारीच्या किलोवर असा हात कुणी ठेवलेला नाही. तिचा पूर्ण भाव ताटासमोर बसलेला माणूस भरतो. पाटीवरच्या ३५ आणि ६० ची तुलना करताना हे विसरलं जातं. घरात कार्डावरचे वीस किलो गहू-तांदूळ आलेले असताना कुठली बाई उरलेल्या पैशांतून ६० ची ज्वारी आणील?

कुणी म्हणेल, ज्वारीलाही हमीभाव आहेच की, आणि तो गव्हापेक्षा मोठा आहे. २०२६-२७ च्या पणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव २,५८५ आणि मालदांडीचा त्याआधीच जाहीर झालेला ३,७४९. बरोबर. पण हमीभाव म्हणजे नुसता आकडा जाहीर होणं आणि वजनकाट्यावर पैसे मोजायला कुणीतरी उभं असणं, यांत फार अंतर आहे. पंजाबच्या मंडीत गव्हाला ते कुणीतरी हमखास असतं. शाळूला खरेदी केंद्र उघडलंच तर थोडे दिवस, थोड्या मालासाठी. गंमत म्हणजे मालदांडीचा हमीभाव खरिपाच्या यादीत जाहीर होतो, मे-जूनच्या सुमारास. पीक मात्र येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिल्लीत ज्वारी म्हटलं की अजून पावसाळी पीकच डोळ्यांपुढे येत असावं.

यापुढचा भाग मला स्वतःला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. भाव इतका चढला, तर शेतकरी पुन्हा शाळूकडे का वळत नाही?

एक गाव घ्या. समजा गावात १०० क्विंटल ज्वारी पिकते. त्यातली ७० क्विंटल घरी खायला, सालगड्याला, पाहुण्याला, बियाण्याला राहते. बाजारात जाते ३०. आता पाऊस कमी पडला, उत्पन्न वीस टक्क्यांनी घटलं, ८० क्विंटल झालं. घरचं खाणं काही घटत नाही, ते ७० च. बाजारात उरले १०. म्हणजे शेतात घट वीस टक्के आणि बाजारात तब्बल दोन तृतीयांश. भाव भडकतो. वर्तमानपत्रात बातमी येते, “ज्वारीने गाठला उच्चांक”. पुढच्या वर्षी चार जण जास्त पेरतात, पाऊसही साथ देतो, १२० होते. घरचे ७० काढून बाजारात ५०. दहाचे एकदम पन्नास. भाव कोसळतो, आणि ते चार जण पुन्हा कधी शाळूचं नाव काढत नाहीत.

जिथे विकायला येणारा माल थोडा असतो तिथे भाव असा झोपाळ्यावर बसतो. गव्हाचा बाजार प्रचंड आहे. सरकारी गोदाम त्याला खालून आधार देतं आणि वरून झाकण. ज्वारीच्या झोपाळ्याला दोरीच आहे, पाट नाही. दुकानात तुम्ही जो ६० चा भाव बघता तो टंचाईच्या वर्षाचा, शिवाय त्यात साफ करणं, वाहतूक, आडत, दुकानदाराचा नफा सगळं आलं. शेतकऱ्याच्या लक्षात राहतो तो भरघोस वर्षाचा पडलेला भाव. दोघंही खरं बोलत असतात, आणि म्हणूनच त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

पूर्वी हा झोपाळा सावरायची सोय गावातच होती. पेव. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत कडब्याचं-गवताचं अस्तर, वर माती लिंपून बंद. आतल्या दाण्याच्या श्वासानेच हवेतला प्राणवायू संपतो, मग किडा जगत नाही. आजकाल हवाबंद पिशव्या विकायला येतात त्यांचंही तत्त्व हेच. अशा साठवणुकीमुळे एका वर्षाची सुगी दुसऱ्या वर्षाच्या दुष्काळाला कामी यायची. बहामनी काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं दुष्काळात लोकांना लुटवली, ती कथा आपण विठ्ठलाच्या चमत्कारासाठी सांगतो. पण त्या कथेत आधी भरलेली कोठारं आहेत, हे माझ्यासारख्या रूक्ष माणसाच्या नजरेतून सुटत नाही. आज गावात पेव नाही आणि पीक निघाल्या निघाल्या विकावं लागतं, कारण गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं असतं.

चुलीपर्यंत आलो. अर्थशास्त्राच्या चर्चेत ही जागा सहसा राहूनच जाते.

गव्हाच्या कणकेत चिकटपणा धरणारं प्रथिन असतं. मळा, ताणा, लाटा, ती तुटत नाही. ज्वारीत ते नाही. भाकरीचं पीठ एकत्र राहतं ते गरम पाण्याच्या आणि हाताच्या जोरावर. म्हणून पीठ ताजं लागतं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापता थापता चिरते. माझ्या अनुभवात दोन-तीन आठवडे, उन्हाळ्यात त्याहून कमी. गव्हाचा आटा कारखान्यात दळून, पिशवीत भरून, महिनोन्‌महिने दुकानात ठेवता येतो. त्यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ज्वारीचं पीठ पिशवीत भरलं की पिशवीतच म्हातारं होतं. म्हणून तिला गल्लीतली गिरणीच लागते, आणि शहरातल्या गिरणीवाल्याला गव्हाच्या रांगेत ज्वारीचे दोन किलो दळायचा कंटाळा असतो.

मग थापणं. एका वेळी एकच भाकरी, परातीत, दोन्ही हातांनी, तव्यावर पाणी फिरवून उलटायची, मग आरावर फुगवायची. पोळीसारखं एकीने लाटावं आणि दुसरीने भाजावं हे जमत नाही. सकाळी सातला केलेली पोळी डब्यात दुपारी मऊ असते, भाकरी वातड होते. नोकरीला बाहेर पडणाऱ्या बायकांनी भाकरी सोडली यात आश्चर्य काय? भाकरीची स्वस्ताई खरं तर आजीच्या दोन हातांची फुकट मजुरी होती. धाब्यावर तेच हात पगारावर ठेवावे लागतात, म्हणून तिथे २५ रुपये. मला विचाराल तर या सगळ्या लेखातली सर्वांत रास्त किंमत तीच आहे.

सोलापूरकरांनी यावर एक तोड काढली ती मला फार आवडते: कडक भाकरी. पातळ थापायची, मंद आचेवर पापडासारखी खरपूस वाळवायची. टिकते, प्रवासाला चालते, आणि बचत गटांच्या बायकांना तिचे पैसे मिळतात. ज्वारीची जी खोड होती, वाळून कडक होण्याची, तीच इथे विकली जाते. सोबत शेंगाचटणी आलीच. हुरडा पार्टी हा दुसरा प्रकार. फुले उत्तरासारखी हुरड्याची वाणं लावायची, डिसेंबर-जानेवारीत कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजून शहरी मंडळींना खाऊ घालायची. दाणा पिकायची, उपटायची, मळायची भानगडच नाही. ज्याचं रान रस्त्यालगत आहे त्याला हे परवडतं. आडगावच्या शेतकऱ्याला नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. “स्थानिक खा” म्हटलं की लोक अंतर मोजायला लागतात. पंजाबचा गहू दीड हजार किलोमीटर येतो म्हणून वाईट. मालगाडीने एकदम हजारो टन येणाऱ्या धान्याला किलोमागे इंधन फार लागत नाही. अन्नामुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणात वाहतुकीचा वाटा लहानच असतो. पिकवताना काय केलं हे मोठं. उजनीच्या पाण्यावर सोलापुरातच पिकलेली साखर अगदी घराशेजारची आहे, म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही. नाशिकच्या एखाद्या घराने शाळू सोलापूरहून आणला तर त्यात पाप नाही. प्रश्न आहे तो मातीचा आणि पावसाचा पीकाशी मेळ बसतो का, हा.

मग करायचं काय, असं विचाराल तर उदाहरणं आहेत. कर्नाटकात उत्तरेकडे ज्वारी आणि दक्षिणेकडे नाचणी रेशनवर दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये ७ जिल्ह्यांतल्या ३० तालुकावजा गटांत नाचणीचं अभियान सुरू केलं. त्यात बियाणं, झोडपायची-साफ करायची यंत्रं, हमीभावाने खरेदी, आणि मग तीच नाचणी रेशनवर, अंगणवाडीच्या लाडवात. चारही टोकं एकदम धरली, हे त्यातलं मर्म. आपल्याकडे एकेक टोक वेगवेगळं कार्यालय धरतं आणि कुणीतरी सोडून देतं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, भारताच्याच प्रस्तावावरून. ज्वारी-बाजरीला “श्री अन्न” असं भारदस्त नाव मिळालं. मॉलमध्ये ज्वारीच्या लाह्या, ज्वारीचे पास्ते, ज्वारीची बिस्किटं आली. बिस्किटाच्या पुड्यात ज्वारी किती असते ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वाचावं. बहुधा मैद्याच्या मागे उभी असते. मला त्यापेक्षा शाळू उपटणारं, पण कडबा शाबूत ठेवणारं एखादं स्वस्त यंत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी, एम ३५-१, नव्वद वर्षांनंतरही शेतकरी पेरतोय. परभणीच्या आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी चांगली वाणं दिली आहेत, पण मालदांडीच्या भाकरीची पांढरी, गोडसर चव आणि तिच्या कडब्याची प्रत लोकांच्या मनातून हललेली नाही. बियाण्यावर काम झालं, भावावर भाषणं झाली. फेब्रुवारीच्या उन्हात वाकलेल्या कमरेसाठी कुणी फारसं काही केलेलं दिसत नाही.

अप्पांनी आता बारा एकरांपैकी दोनच एकर शाळूला ठेवलेत. घरापुरता, आणि गोठ्यातल्या दोन म्हशींपुरता. विकायला एक दाणा नाही. दरवर्षी त्यातलं एक पोतं ते मला एसटीने पाठवतात आणि दुकानात ६० रुपये मोजायचे वाचतात, म्हणून मी खूष असतो. या वेळी जानेवारीतच त्यांना फोन करून आठवण दिली, की आमच्या पोत्याचं विसरू नका.

“नाय इसरत,” अप्पा म्हणाले. “पण माणसं मिळंना झालीत काढायला. तुला ज्वारी पायजे ना? मग ये की उपटायला. दोघंबी या.”

मी कॅलेंडर बघून सांगतो म्हणालो.